तीन वर्षांचे रविवार

गणिताच्या तासाला गोष्ट सांगायची म्हटली की फ्रँक नेल्सन कोल यांची गोष्ट हमखास निघते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. कोल उठले, काही न बोलता फळ्याशी गेले आणि २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून उत्तर मांडले. मग शेजारी एक लांबलचक गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली:

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

टाळ्या पडल्या, कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला, या प्रश्नावर पुढे त्यांनी उत्तर दिले: तीन वर्षांचे रविवार.

ही गोष्ट सर्वतोमुखी झाली ती एरिक टेंपल बेल यांच्या १९५१ सालच्या पुस्तकामुळे. बैठकीच्या वेळी बेल दूर कॅलिफोर्नियात विद्यार्थी होते आणि रंग भरण्याची त्यांना हौसही होती. ते सोडून देऊ. आमची तक्रार वेगळी आहे. या गोष्टीत नवल चुकीच्या जागी ठेवले जाते.

ऐकणाऱ्याचा समज असा होतो की त्या दिवसापर्यंत ही संख्या मूळ मानली जात होती आणि कोल यांनी ती संयुक्त ठरवली. मेर्सेन यांनी १६४४ साली तिला मूळ संख्यांच्या यादीत घातले होते, हे खरे. परंतु फ्रान्सच्या एदुआर लुकास यांनी १८७६ सालीच, म्हणजे कोल यांच्या २७ वर्षे आधी, ती मूळ नाही हे दाखवले होते, आणि तेही एकही अवयव न सापडता!

अवयव माहीत नसताना संख्या संयुक्त कशी म्हणायची? विद्यार्थी इथेच अडतो, कारण आपण त्याला संयुक्त संख्या अवयवांवरूनच शिकवलेली असते. म्हणून वर्गात ९१ घ्यावी. फर्माच्या सिद्धांतानुसार ९१ मूळ असती, तर २ च्या ९० व्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ उरली असती. आता २ चा १२ वा घात ४०९६, आणि ९१ × ४५ = ४०९५; म्हणजे बाकी १. तेव्हा ८४ व्या घाताचीही बाकी १. उरला ६ वा घात, ६४. बाकी ६४ आली, १ नव्हे; ९१ मूळ नाही. यात ७ किंवा १३ चे नावही आले नाही. (उलट बाजूने ही कसोटी फसते: ३४१ तीतून पार होते, पण ती ११ × ३१ आहे. शिवाय २ चा घात वजा १ अशा रूपाच्या संख्यांना, घातांक मूळ असेल तर, ही कसोटी निरुपयोगी. लुकास यांची रीत निराळी होती.)

रविवारांचाही हिशेब करून पाहावा. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो आणि ८ ने भागल्यास त्याची बाकी १ किंवा ७ यावी लागते. १९३७०७७२१ पर्यंत अशा संख्या भरतात ७,२२,७९०. तीन वर्षांचे रविवार १५६ धरले, तर दर रविवारी साडेचार हजारांवर भागाकार! नुसत्या चिकाटीने हे होत नाही. कोल यांनी त्याच वर्षी छापलेल्या निबंधात वर्गसंख्यांच्या बाक्यांचा उपयोग करून उमेदवार आणखी चाळले आहेत. गोष्ट सांगणारे ही चाळणी गाळतात आणि मुलांच्या हाती फक्त कष्टाचा उपदेश पडतो.

कोल यांचे मौन मात्र आम्हाला पटते. अवयव शोधायला वर्षे लागोत, ते तपासायला एक गुणाकार पुरतो. बोलण्यासारखे उरतेच काय?

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी २ चा १२७७ वा घात वजा १ ही संख्या पाहावी. ३८५ अंकी आहे. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालेले आहे; तिचा एकही अवयव अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.