शत्रूचे मन वळवणारा खेळ

धाराशिवातल्या एका घरी मुलाने मला संगणकावर ‘सुपर रोबोट वॉर्स’ दाखवला. १९९१ साली सुरू झालेली ही जपानी मालिका निरनिराळ्या चित्रकथांतील अजस्र यंत्रमानवांना एका पटावर आणून बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने लढविते. पहिल्या खेळात यंत्रांना चालकच नव्हते. दुसऱ्यापासून ते आले आणि, माझ्या मते, मालिकेत प्राण आला. ‘माझिंगर झेड’चा बेधडक वीर व युद्धाने पोळलेला ‘गंडम’चा तरुण शेजारी उभे ठाकले. मूळ कथेत मरण पावलेली काही पात्रे येथे वाचविता येतात : योग्य चालकाला शत्रूजवळ नेऊन त्याचे मन वळवायचे. “पण फादर, पाडलं की पैसे मिळतात,” मुलगा म्हणाला. तेही खरेच. शिवाय हा सलोख्याचा मार्ग खेळ पुष्कळदा लपवून ठेवतो, ही माझी खरी तक्रार.