काचेवरचें बर्फ

मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’ ह्या विमानचालनाच्या खेळाची जी आवृत्ति २०२० सालीं निघाली, तींत ढगांत शिरलेल्या विमानाच्या काचेवर बर्फाची नक्षी चढत जाते. ती पाहून आम्हींहि मान डोलविली. परंतु ह्या देखणेपणास वास्तवता म्हणावें काय? बर्फाचा खरा प्रताप काचेवर नव्हे, पंखावर दिसतो. पंखाच्या पुढील कडेवर व पाठीवर सँडपेपराइतका खरखरीत थर बसला, तरी उचल शेंकडा ३० पर्यंत घटूं शकते. घात वजनापेक्षां बिघडलेला आकारच अधिक करतो.

३१ ऑक्टोबर १९९४ रोजीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत, रोझलॉनजवळ, एटीआर-७२ जातीचें विमान कोसळून त्यांतील सर्व ६८ माणसें मृत्यु पावलीं. बर्फ फोडण्यासाठीं पंखावर बसविलेल्या रबरी पट्ट्यांच्या मागेंच बर्फाचा बांध साचला होता. विमान स्वयंचालक यंत्राच्या स्वाधीन होतें. एकाएकीं पंखाच्या टोंकाकडील झडप आपोआप ओढली गेली, यंत्र सुटलें आणि विमान एका अंगावर उलटलें.

घरांतील साध्या खेळाची दांडी स्प्रिंगच्या जोरानें निमूटपणें मध्यावर येते. असला हिसडा तिला ठाऊक नाहीं. काचेवरची नक्षी मात्र खचित अप्रतिम आहे.