झाखारी स्तोयानोव्ह : पराभवाचा साक्षीदार

क्रांतिकारकांच्या आत्मचरित्रांविषयी आमची एक जुनी तक्रार आहे. त्यांतील नायक कधी भीत नाही, भुकेने कासावीस होत नाही, आणि त्याचा प्रत्येक निर्णय पुढे योग्यच ठरतो. बल्गेरियाच्या झाखारी स्तोयानोव्ह यांचा ‘बल्गेरियन उठावांच्या नोंदी’ हा तीन खंडांचा ग्रंथ या पंक्तीत बसत नाही. म्हणूनच त्याचा परिचय वाचकांस करून द्यावासा वाटतो.

स्तोयानोव्ह १८५० साली मेद्वेन या डोंगराळ गावी जन्मले. अल्पसे शालेय शिक्षण, मग मेंढपाळी, पुढे रुसे शहरात शिंप्याकडे उमेदवारी, नंतर रेल्वेत नोकरी. रुसेच्या वाचनालयाने त्यांच्या हाती पुस्तके दिली आणि तेथील गुप्त समितीने कार्य दिले. ऑटोमन तुर्की सत्तेविरुद्ध १८७५ साली स्तारा झागोरा येथे झालेला उठाव फसला. १८७६ च्या एप्रिल उठावात ते गेओर्गी बेंकोव्स्की यांच्या घोडदळाच्या टोळीत होते. हा उठाव अत्यंत निर्घृणपणे चिरडला गेला. बाताक गावी तर चर्चमध्ये आश्रय घेतलेली माणसेदेखील वाचली नाहीत.

ग्रंथाचे मर्म आमच्या मते एका प्रसंगात आहे. डोंगरमाथ्यावरून टोळी खाली पाहते, तो उठावाचे केंद्र असलेले पानाग्युरिश्ते जळत असते. त्या ज्वाळा पाहून बेंकोव्स्की म्हणतात, की आपला हेतू साध्य झाला. जुलमी सत्तेच्या काळजाला कधी न भरणारी जखम झाली. राजकारण म्हणून पाहिले तर ते खरेही ठरले. या कत्तलींच्या वार्तांनी युरोप हादरला, रशिया-तुर्कस्तान युद्ध झाले आणि १८७८ साली बल्गेरियास स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली. पण ज्यांची घरे खाली जळत होती तेही त्याच टोळीत उभे होते. त्यांच्या बायकामुलांच्या प्राणांचे मोल देण्याचा अधिकार पुढाऱ्याला कोणी दिला? स्तोयानोव्ह हा प्रश्न धर्मशास्त्र्याप्रमाणे मांडीत नाहीत. नेत्याचे शब्दही ते लपवीत नाहीत. बेंकोव्स्कींवर त्यांची अपार भक्ती आहे, तरी त्यांचा ताठा आणि कठोरपणा ते जसाच्या तसा रेखाटतात. असे निष्ठावंत चरित्रकार विरळा.

पुढची पाने पळापळीची आहेत. पाऊस, उपासमार, ज्या दारी जावे तेथे भयाने मिटलेली कवाडे. अखेर तेतेवेनच्या डोंगरात कोस्तिना येथे वाट दाखवणाऱ्यानेच दगा दिला आणि बेंकोव्स्की मारले गेले. लेखक निसटला, पुढे पकडला गेला. तुरुंगातील स्वतःची गाळण, जीव वाचवण्यासाठी केलेल्या बतावण्या, हे सारे तो हसत हसत सांगतो. संत ऑगस्टीन यांचे आत्मनिवेदन परमेश्वरासमोर आहे. या ऑर्थोडॉक्स मेंढपाळाचे निवेदन देशबांधवांसमोर आहे. त्यात अश्रू कमी आणि मिस्कीलपणा अधिक. पण स्वतःला सूट न देण्याची वृत्ती दोहोंकडे आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. आडवळणे फार आहेत. गावच्या धनिकांवर लेखकाचा इतका राग, की त्यांत एखादा सज्जन असू शकेल हे त्याच्या मनासच शिवत नाही. आठवणीने रचलेल्या संवादांना कोणी दस्तऐवज समजू नये.

राजकारणातही त्यांचा वाटा मोठा. बर्लिनच्या तहाने तोडलेला पूर्व रुमेलिया १८८५ साली बल्गेरियाशी जोडला गेला, त्यामागील प्लोव्दिव्हच्या गुप्त समितीचे ते अध्वर्यू होते. १८८८ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्षही झाले. या काळातील त्यांचे वृत्तपत्री लेखन मात्र आम्हांला तितकेसे भावत नाही. तेथे विरोधक सदैव काळा आणि आपला पक्ष सदैव उजळ. पराभूत असताना जो माणूस आपल्याच लोकांची वैगुण्ये मांडू शकला, त्याला सत्तेच्या जवळ गेल्यावर ते का साधू नये?

१८८९ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचा पॅरिसमध्ये अंत झाला. तिसरा खंड १८९२ साली मागाहून निघाला. १९१३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा निवडक भागाचाच आहे. वर आम्ही ज्या आडवळणांना नावे ठेवली, त्यांत मेंढवाड्यातले बोलणे, बाजारातली थट्टा असे कितीतरी आहे. संक्षेपात ते सारे उतरणे कठीणच, आणि त्याची उणीव आम्हांला भासते.