गर्भाचें चित्र आणि अदृश्य माता

कांहीं पुस्तकें इतकीं लोकप्रिय होतात कीं, त्यांचें परीक्षण करावयाचें राहूनच जातें. स्वीडनचे छायाचित्रकार लेनार्ट निल्सन (१९२२–२०१७) यांचें ‘ए चाइल्ड इज बॉर्न’ हें अशांपैकींच एक होय. मूळ स्वीडिश पुस्तक १९६५ सालीं निघालें. त्याच वर्षीं ३० एप्रिलच्या ‘लाइफ’ साप्ताहिकांत निल्सन यांचीं गर्भचित्रें झळकलीं, आणि तेव्हांपासून गर्भावस्था म्हटली कीं सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें तशींच चित्रें उभीं राहूं लागलीं.

गुण आधीं सांगावे हा परीक्षणाचा शिष्टाचार. येथें तो पाळण्यास मुळींच प्रयास पडत नाहींत. बीजवाहिनींत स्त्रीबीज व शुक्रबीज यांचा संयोग होतो, सुमारें आठवडाभरानें तो सूक्ष्म पिंड गर्भाशयाच्या अस्तरांत रुजतो, चौथ्या आठवड्यांत हृदय स्पंदूं लागतें, आठ आठवड्यांत बहुतेक अवयवांची मांडणी होते. हा क्रम नुसत्या शब्दांनीं परीक्षेपुरताच लक्षांत राहतो. निल्सन यांच्या चित्रांतील इवलीं बोटें पाहिलीं म्हणजे तो मनावर कायमचा ठसतो. ज्या विषयाची घरांत केवळ कुजबुज होई, तो त्यांनीं दिवाणखान्यांत आदरानें आणून ठेवला. हें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

परंतु आक्षेप दोन आहेत, आणि ते किरकोळ नाहींत. पहिला सत्याविषयींचा. ‘लाइफ’मधील चित्रमालेंत जिवंत मातेच्या उदरांत घेतलेलें चित्र एकच होतें, बाकीचे गर्भ वैद्यकीय कारणांस्तव शस्त्रक्रियेनें बाहेर काढलेले होते. मुखपृष्ठावरील अठरा आठवड्यांचा गर्भही त्यांतलाच. साप्ताहिकानें हें लपविलें नव्हतें. पण मालेचा मथळा ‘जन्मापूर्वीचें जीवननाट्य’ अशा अर्थाचा होता. आंतला मजकूर विसरला गेला, मथळा तेवढा राहिला. जीवनाचा आरंभ म्हणून जें पाहून आपण सद्गदित झालों, तें बव्हंशीं त्याच्या अंताचें चित्र होतें. एवढ्यानें चित्रें खोटीं ठरत नाहींत. अवयवांची घडण खरीच आहे. परंतु तीं कशीं मिळालीं हें जाणण्याचा वाचकाला हक्क आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. या चित्रांत गर्भ काळ्याभोर पोकळींत एकटाच तरंगतो. माता कोठें आहे? पुस्तकाच्या इतर पानांवर ती आढळते. लोकांच्या स्मरणांत राहिलेल्या चित्रांत मात्र नाहीं. विल्यम हंटर यांच्या १७७४ सालच्या चित्रग्रंथांत मृत स्त्रियांचीं छेदलेलीं शरीरें आहेत. तीं पाहवत नाहींत. तरी गर्भ कोणाच्या तरी देहांत आहे, याचा तेथें क्षणभरही विसर पडत नाहीं. निल्सन यांच्या सुंदर चित्रांत तो सहज पडतो.

शरीरशास्त्र तर उलटच सांगतें. मातेचें व गर्भाचें रक्त सहसा मिसळत नाहीं. पण वारेच्या पातळ पडद्यांतून प्राणवायु व अन्नरस गर्भाकडे जातात आणि त्याज्य द्रव्यें मातेकडे परत येतात. ही वारसुद्धां दोघांच्या पेशींनीं मिळून घडते. मातेच्या शरीरांतील रक्त जवळजवळ निम्म्यानें वाढतें; सुमारें ७० ग्रॅमचें गर्भाशय हजार ग्रॅमच्या घरांत जातें. या श्रमांचें छायाचित्र निघत नाहीं, म्हणून ते दृष्टिआड होतात. ज्या समाजांत गर्भिणीच्या रक्तक्षयाकडे अद्यापि दुर्लक्ष होतें, तेथें ही उणीव केवळ कलेची राहत नाहीं.

आपली भाषा या बाबतींत अधिक शहाणी आहे. ती गर्भवतीला ‘दोन जिवांची’ म्हणते. हें पुस्तक घरांत अवश्य असावें. मुलांना तें दाखवितांना मात्र शेजारीं बसलेल्या आईकडे बोट करावें आणि सांगावें कीं, चित्रांत बाळाभोंवतीं जो काळोख दिसतो, ती ही.