दबोराच्या गीताचं वय

बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकात दबोरा या बाईचं विजयगीत आहे. हिब्रूतल्या सगळ्यात जुन्या कवितांत ते धरतात. बरेच अभ्यासक इ.स.पू. 12व्या-11व्या शतकात नेतात. पण काहींना ते उशिराचं वाटतं. कारण काय, तर त्यात अनेकवचनाला ‘ईम’ऐवजी एकदा ‘ईन’ आलंय, ‘तना’ हा धातू आलाय. दोन्ही अरामी वळणाचे. आणि हिब्रूवर अरामीचा जोर वाढला तो बाबिलोनच्या बंदिवासानंतर.

मला हे पटत नाही. बेळगावकडच्या बाईच्या ओवीत कन्नड शब्द आला, तर तिचा मुलूख कळेल. ओवी कधीची, ते कसं कळणार? हे गीत तर उत्तरेकडच्या टोळ्यांचं, अरामी शेजारचीच. अवी हुर्विट्झ यांनी 1968 सालीच बजावलंय, की नुसता अरामी शब्द दिसला म्हणून रचना उशिराची म्हणू नये.

‘गीतरत्ना’चं निराळं. परंपरेनं ते शलमोन राजाचं, म्हणजे इ.स.पू. 10व्या शतकातलं. पण त्यात बागेला ‘पर्देस’ म्हटलंय. शब्द इराणी, आपल्या कानावरचा ‘फिर्दौस’ त्याच्याच नात्यातला. शलमोनाच्या शेजारी इराणी कुठले? बाबिलोन त्यांच्या हाती गेलं ते इ.स.पू. 539मध्ये. असा शब्द असला तर मी मान्य करीन.

दबोराच्या गीतात मात्र वयापेक्षा मला एका क्रियापदाचं कोडं मोठं वाटतं. ‘कम्ती’ म्हणजे सरळ ‘मी उठले’. पण जुनं स्त्रीलिंगी रूप धरलं तर ‘तू उठलीस’. पहिलं घेतलं तर गाणारी दबोरा स्वतः, दुसरं घेतलं तर तिच्याविषयी गाणारं दुसरंच कुणी.