पडलेल्या महानायकाला हात कोणाचा? : 'सुपरमॅन' (२०२५) या चित्रपटाची चिकित्सा

प्रास्ताविक

कॉमिक्सवर आधारित अतिमानवी नायकांचे चित्रपट आपल्याकडील समीक्षेत सहसा केवळ करमणूक म्हणून दुर्लक्षिले जातात. तथापि, लोकमानसातील सामर्थ्याची आणि न्यायाची कल्पना घडविण्यात या चित्रपटांचा वाटा मोठा आहे. १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातून सुपरमॅन अवतरला. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे निर्माते ज्यू स्थलांतरितांचे पुत्र होते. परग्रहावरून येऊन शेतकरी दांपत्याच्या घरी वाढलेल्या या नायकाच्या मुळाशी 'आपला कोण आणि परका कोण' हा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला, सुमारे २२.५ कोटी डॉलर खर्चाचा जेम्स गन दिग्दर्शित 'सुपरमॅन' याच प्रश्नाला हात घालतो. त्याचे यशापयश तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बलस्थाने

चित्रपटाचा आरंभच नायकाच्या पराभवाने होतो. जखमी सुपरमॅन बर्फात कोसळतो आणि क्रिप्टो हा त्याचा अवखळ कुत्रा त्याला फरफटत आश्रयस्थानी नेतो. या एका प्रसंगाने महानायकाभोवतीचे देवत्वाचे वलय गळून पडते. डेव्हिड कोरेन्स्वेट यांनी हे हळवेपण संयमाने साकारले आहे. लोइस लेनने घेतलेली त्याची मुलाखत हा चित्रपटाचा सर्वोत्कृष्ट भाग होय. बोराव्हिया या राष्ट्राचे जरहानपूरवरील आक्रमण त्याने कोणत्या अधिकाराने रोखले, असे ती विचारते. 'लोक मरणार होते' एवढेच त्याचे उत्तर असते. सद्हेतू आणि उत्तरदायित्व यांतील ताण येथे केवळ संवादांतून उभा राहतो.

दुसरे बलस्थान कथेतील धाडसात आहे. जन्मदात्यांनी आपल्याला पृथ्वीवर सेवेसाठी नव्हे, तर राज्य करण्यासाठी पाठविले, हे नायकाला उमगते. तेव्हा त्याचा पालक पिता जोनाथन केंट त्याला समजावतो, की माणूस स्वतःच्या निवडीतून आणि कृतीतून घडतो. कुलापेक्षा संस्कार श्रेष्ठ, हा आशय जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या आपल्या समाजालाही अंतर्मुख करणारा आहे.

मर्यादा

असे असूनही, ज्या सामान्य माणसांसाठी हा नायक झटतो, त्यांना चित्रपट पुरेसा न्याय देत नाही. मलिक अली हा हातगाडीवर खाद्यपदार्थ विकणारा माणूस खड्ड्यात पडलेल्या सुपरमॅनला हात देऊन उठवतो. पुढे लेक्स लूथर नायकाचा छळ करण्यासाठी त्याच्याच डोळ्यांदेखत मलिकला गोळी घालतो. प्रसंग हेलावून टाकणारा आहे. मात्र पटकथा लगेच पुढच्या संकटाकडे धावते. मलिकचे घरदार, त्याचा शोक यांना पडद्यावर जागाच नाही. राक्षसी प्राण्याशी झुंजताना एका खारीला वाचविणारा हा चित्रपट मलिकला मात्र कथेचे साधन म्हणून वापरून सोडून देतो, ही विसंगती खटकते.

जरहानपूरचेही तसेच. 'पूर' या प्रत्ययामुळे हे काल्पनिक नाव आपल्या कानांना परिचित वाटते. परंतु तेथील माणसे आक्रमकांपुढे उभा असलेला असहाय जमाव एवढीच राहतात. सुपरमॅनचे चिन्ह असलेला ध्वज उभारून मदतीची वाट पाहणे, हेच त्यांचे कार्य. त्यांना स्वतःचा आवाज नाही. साहाय्यक महानायकांची भाऊगर्दी आणि लूथरने निर्माण केलेल्या कृत्रिम विश्वातील लांबलेली दृश्ये यांनी ही उणीव अधिकच गडद केली आहे.

मालेगावचा संदर्भ

येथे मोसम नदीवरील आपल्या नामपूरहून त्याच नदीवर पुढे वसलेल्या मालेगावकडे पाहणे उद्बोधक ठरेल. नासिर शेख यांनी अत्यल्प भांडवलात 'मालेगाव का सुपरमॅन' निर्माण केला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात त्याची निर्मितीप्रक्रिया नोंदली गेली आहे. २०२५ मध्येच प्रदर्शित झालेला रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' याच मंडळींवर आधारित आहे. नासिर यांचा नायक शफीक शेख हा अंगाने किडकिडीत यंत्रमाग कामगार. उड्डाणाचा आभास निर्माण करण्यासाठी येथेही हिरवा पडदाच वापरला गेला, पण जोडीला होते ते मित्रांचे श्रम. मालेगावच्या चित्रपटात तांत्रिक सफाई नाही, हे मान्य करावेच लागेल. तथापि, महानायक स्वबळावर उडत नाही, त्याला उचलणारे हात असतात, हे सत्य माहितीपट क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. हॉलिवूडच्या चित्रपटात मलिकचा हात हे त्याच सत्याचे प्रतीक होते. दिग्दर्शकाला ते सापडले, पण सांभाळता आले नाही.

निष्कर्ष

सारांश, 'सुपरमॅन' हा करुणेला दुर्बलता न मानणारा, म्हणून स्वागतार्ह चित्रपट आहे. त्याचा नायक माणूस म्हणून पटतो. तो ज्यांच्यासाठी लढतो, ती माणसे मात्र त्याच्याइतकी माणूस म्हणून उभी राहत नाहीत. माणुसकी हेच खरे सामर्थ्य असे सांगणाऱ्या कलाकृतीकडून ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. हा चित्रपट विद्यार्थ्यांसमोर ठेवताना मालेगावचा माहितीपटही सोबत दाखवावा. महानायकाची भव्यता आणि त्याला आधार देणारे हात, या दोहोंचा विचार त्यामुळे वर्गात एकत्रितपणे करता येईल.