उत्तर नको असलेले प्रश्न

मे महिन्याच्या भर दुपारी छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या एखाद्या घरी पाहुणा येतो, पिशवी खाली ठेवतो, रुमालाने मान पुसू लागतो, आणि यजमान त्याच्याकडे प्रसन्नपणे पाहत विचारतात, "आलात का?" तर्काला धरून पाहिले तर याहून निरुपयोगी प्रश्न शोधून सापडायचा नाही. पण हे दोन शब्द आपण जरा निरखून पाहू. माहिती मिळवण्याचे ओझे त्यांच्यावर नाहीच, आणि म्हणूनच उन्हातून आल्याची दखल, वाट पाहिल्याची कबुली आणि पाण्याचा तांब्या निघालाच असल्याचे आश्वासन त्यांत आरामात मावते. पाहुणाही रसिक असतो, "दिसत नाही का?" असे तो विचारत नाही. "आलो बुवा," म्हणतो आणि टेकतो.

याच क्रियापदाच्या आणखी छटा पाहा. "आलास का एकदाचा?" यात माया आणि राग एकमेकांचा हात सोडत नाहीत. "आत्ता आलात?" म्हणणारी घड्याळाकडे पाहतसुद्धा नाही, तरी ऐकणाऱ्याला वाजले किती ते कळते. आणि "आलात होय!" मधला तो 'होय', अगदी लहानसा, पण 'आम्हाला वाटलं होतं, येणार नाही' हे सारे पोटात घेऊन बसलेला. प्रश्नाने प्रश्नाचे रूप तेवढे ठेवावे आणि काम मात्र स्वागताचे, रुसव्याचे नाहीतर टोमण्याचे करावे, ही किमया आपण दिवसातून किती वेळा करतो याची आपल्याला जाणीवही नसते.

आपल्या काव्यशास्त्राला मात्र ती होती. आवाजाच्या वळणाने अर्थ पालटतो, त्याला तिथे काकु म्हणतात. (घराघरांतल्या काकू तिच्यात निष्णात असतात, हा निव्वळ योगायोग.) भरताने नाट्यशास्त्रात तिचा विचार केला, रुद्रटाने काकुवक्रोक्तीला अलंकाराचा मान दिला, राजशेखराने त्याला हरकत घेतली आणि काकु हा पठणाचा धर्म आहे, तिला अलंकार कसे म्हणायचे, असे विचारले. हा आक्षेपही प्रश्नार्थकच होता, हे विशेष! माझा कल राजशेखराकडे आहे. लग्नाच्या खर्चाची यादी ऐकून घेतल्यावर मराठवाड्यातला बाप म्हणतो, "मी कुठं नाही म्हणायलोय?" हे वाक्य कागदावर नुसते पडून राहते. त्याच्या तोंडून ऐकले, की त्यात संमती असते, त्या संमतीतली कुरकुर असते, आणि ती कुरकुर कुणीतरी ऐकावी एवढीच माफक अपेक्षाही असते.

छत्रपती संभाजीनगरात या सुरांना दुहेरी शेजार लाभला आहे. वली आणि सिराज या शायरांच्या गावात मराठी आणि दखनी एकमेकींच्या ओसरीवर वाढल्या. "पाऊस येईल का?" असे विचारावे, तर गुलमंडीवर "काय की!" आणि शहागंजात "क्या की!" दोन्हीकडे प्रश्नाला प्रश्नाच्याच तुकड्याने दिलेले उत्तर, आणि दोन्हीकडे आभाळाकडे गेलेली तीच नजर.

एका प्रश्नाने मात्र या शहरात उलटा प्रवास केला आहे. "पाणी आलं का?" हे वाक्य इतर गावांत सकाळी सहज टाकायचे, उत्तर मिळाले नाही तरी बिघडत नाही. इथे पन्नासेक किलोमीटरवर पैठणला 1976 पासून नाथसागर पसरलेला, आणि नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येणारे. तेव्हा हा प्रश्न अगदी खराखुरा, उत्तराची निकड असलेला. पण इतक्या वर्षांच्या वापराने त्यालाही गोलाई आली आहे. सिडकोतल्या जिन्यात दोन शेजारणी समोरासमोर येतात, एक म्हणते, "आलं का?" दुसरी म्हणते, "येतंय कशाचं!" कर्ता दोघींनीही गाळलेला, उत्तर दोघींनाही ठाऊक असलेले, आणि संभाषण तरीही परिपूर्ण.

या साऱ्याचा परमोत्कर्ष पाहायचा तर लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'कडे वळावे लागते. इथल्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या या प्राध्यापकाने 1979 पासून हा एकपात्री प्रयोग रंगवला. बावन्न दरवाजांच्या शहरातल्या या माणसाने बावन्न व्यक्तिरेखा तीन तासांत एकट्याने, एका उपरण्याच्या साथीने उभ्या केल्या, याचे नवल सगळेच करतात. मला मोह पडतो तो वेगळ्या गोष्टीचा. एकट्या नटाने अख्ख्या वऱ्हाडाची बोलाचाली करणे शक्य झाले, कारण मराठवाडी बोलण्यातले कितीतरी प्रश्न समोरच्याच्या उत्तराची वाट पाहत थांबतच नाहीत. विचारणारा विचारून मोकळा होतो, पुढचा आपला प्रश्न घेऊन येतो, आणि मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकांचे हसू येऊन बसते. बावन्नांना पुरून उरलेले त्रेपन्नावे पात्र म्हणजे आपण!

देशपांडे 2009 साली गेले. पुढे संदीप पाठक यांनी हा प्रयोग रंगमंचावर आणला, आणि राजशेखराचे म्हणणे नव्याने पटले: संहिता तीच, पण गळा बदलला की प्रश्नांचे वळण बदलते, हशा एखाद्या शब्दाने अलीकडे येतो नाहीतर पलीकडे सरकतो. देशपांड्यांच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण सुदैवाने उपलब्ध आहे. ते ऐकताना विनोदाकडे थोडे दुर्लक्ष करून नुसती प्रश्नांची शेपटे ऐकावीत. कुठला सूर वर जातो आणि कुठला मुद्दाम खाली सोडून दिला आहे, ते टिपत बसण्यात एक संध्याकाळ सहज सरते.